कै. निर्णाकर सर

आपण मेलो आहोत हे पंचशीलाला व्हॉट्सॲपवरून कळलं.

चिटगुप्प्याच्या एका कॉलेजात ती गणित शिकवायची. मधल्या सुट्टीत डबा उघडून बसली होती, तेवढ्यात शेजारच्या दानेश्वरी मॅडमनी मोबाइल पुढं केला.

"बघा मॅडम, तुमच्या निर्ण्याचे कुणी सर होते म्हणं. तुमी वळखत असाल."

निमंत्रण होतं. 'सरहद्द कट्टा, रौप्यमहोत्सवी स्नेहमेळावा, हुमनाबाद. मोडेमच्या किरकिरीत जुळलेल्या मैत्रीची पंचवीस वर्षं. ना जात, ना आडनाव, असे ते दिवस!' त्याखाली जुन्या, पोट सुटलेल्या मॉनिटरचं चित्र. आणि त्याखाली ठळक अक्षरात : 'कट्ट्याचे आधारस्तंभ कै. निर्णाकर सर यांना सामूहिक श्रद्धांजली. निर्णाकर स्मृती पुरस्काराची घोषणा. निमंत्रक : गुरुबसव, संस्थापक.'

पंचशीलानं ते पुन्हा वरपासून वाचलं. 'कै.'पेक्षा तिला 'संस्थापक' जास्त लागलं. हातातला घास तिनं डब्यात ठेवून दिला.

"वळखता का?" दानेश्वरी मॅडमनी विचारलं.

"चांगलीच वळखते."

"अरेरे. कशानं वारले म्हणं?"

"तेच विचारायला जायलेय," पंचशीला म्हणाली.

निर्णाकर सर म्हणजे तीच होती.

तिचे वडील ग्यानबा, तिचे अप्पा, निर्णा गावच्या शाळेत मास्तर होते. शिकलेल्या पोरीला मशीन पाहिजे म्हणून त्यांनी हैदराबादच्या एका ऑफिसानं मोडीत काढलेला कॉम्प्युटर विकत घेतला आणि मॉनिटर मांडीवर घेऊन एस.टी.तून घरी आणला. फोन घरात होताच. मग एक मोडेम आला. गुलबर्ग्याचा नंबर फिरवायचा, मग ती किर्रर, टूँ, खरखर, जणू कुणी पत्र्यावर खिळा ओढतंय; आणि एकदम शांत. शांत झालं की जग जोडलेलं असायचं. बिल वाढू नये म्हणून पंचशीला सगळं आधीच टाइप करून ठेवायची, लाइन लागली की भराभर पाठवायची आणि उत्तरं उतरवून घेऊन लाइन तोडायची. मधेच काकूनं बाहेरच्या खोलीतला फोन उचलला की सगळं बंद पडायचं, आणि काकू रिसीव्हर कानाला लावून म्हणायची, "ह्याच्यात कोणतरी भांडायलंय गं."

एका फुकटच्या संकेतस्थळावर तिनं 'सरहद्द कट्टा' उघडला. महाराष्ट्राच्या पेपरात आपण नसतो, बेंगळुरूच्या पेपरातही नसतो, तर आपलं आपण लिहू, एवढाच विचार. बिदर, औराद, बसवकल्याण, उदगीरची माणसं आली. शारजात गवंडीकाम करणारा एक जण आला, पुण्यात शिकणारी पोरं आली. देवनागरी दिसायची नाही, नुसते चौकोन दिसायचे. म्हणून मराठी, कानडी, दख्खनी सगळं इंग्रजी अक्षरांत. 'dar ughadla' असं एकानं लिहिलं, तर तुरीचा दर उघडला की घराचं दार, यावर आठवडाभर वाद चालला होता. तेव्हा ती एकटीच पडद्यासमोर बसून पोट धरून हसली होती.

नाव तिनं 'निर्णाकर' एवढंच ठेवलं. कुणी गणित विचारलं, कुणी अर्ज कसा भरायचा ते विचारलं, ती नीट सांगायची. एक दिवस कुणीतरी 'सर' म्हणालं आणि मग सगळेच म्हणायला लागले. तिनं दुरुस्त केलं नाही. सर म्हटलं की लोक ऐकायचे. विशीतली पोरगी म्हटलं असतं तर 'घरात कोण कोण असतं' असं विचारलं असतं. आणि कट्ट्यावर सगळ्यात वर तिनं एक नियम लिहून ठेवला होता : इथं कुणी कुणाचं आडनाव विचारायचं नाही.

गुरुबसव हुमनाबादचा. त्याच्या घरचा डाळींचा व्यापार. कॉम्प्युटर नवाकोरा, उत्साह भरपूर. कट्टा मोठा झाला तसं काम वाढलं, म्हणून तिनं त्याला चालवायचे हक्क आणि पासवर्ड दिला. मग त्यानंच लिहिलं, "सर, एकदा घरी या. दोघं मिळून नवं पान करू. माझं मशीन फास्ट हाय."

ती अप्पांना घेऊन गेली. दारात 'सर' म्हणून एक पोरगी बघून गुरुबसव आधी गोंधळला, मग हसला. "अगं, तू व्हय निर्णाकर? कमाल हाय!" तो खरोखर खूश झाला होता, हे पंचशीला नंतरही नाकारत नसे. त्यानं दोघांना पडवीत बसवलं. आतून त्याचे काका आले. त्यांनी अप्पांना गाव विचारलं. मग गल्ली विचारली. अप्पांनी सरळ सांगितलं. पाण्याचे पेले घेऊन बाहेर आलेली बाई उंबऱ्यातच थांबली आणि तशीच आत वळली.

काका गुरुबसवशी कानडीत बोलले. ते कानडी या दोघांनाही कळतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं, किंवा आलं असूनही बोलले असावेत. कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता. त्या खोलीच्या पलीकडं पूजेची खोली होती.

गुरुबसव खाली बघून म्हणाला, "आज जमंल असं वाटत न्हाई. करंट गेलाय."

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. अप्पांनी मान वर करून त्या पंख्याकडं बघितलं, चांगलं निवांत बघितलं. मग उठले. "चल शीला."

त्याच आठवड्यात तिचा पासवर्ड लागेनासा झाला. आधी तिला वाटलं, आपलीच बोटं चुकायलीत. मग बिदरला जाऊन एका कॅफेतून तिनं नव्या पत्त्यावरून कट्ट्यावर लिहिलं; ते तासाभरात पुसलं गेलं. मल्लेश्वरी म्हणून एक पोरगी होती, मुडबीची, गुलबर्ग्याला वसतिगृहात राहून शिकणारी. तिचं नि पंचशीलाचं खूप लिहिणं व्हायचं. तिला तिनं स्वतःच्या नावानं दोन मेल पाठवले. सगळं लिहिलं. उत्तर आलं नाही.

पुढं पंचशीला शिकली, नोकरीला लागली, अप्पांना घेऊन चिटगुप्प्याला आली. कट्टा कधीतरी बंद पडला हेही तिला उडत उडत कळलं. तिनं तो विषय मनातून काढून टाकला होता. निदान तिला तसं वाटत होतं.

निमंत्रण अप्पांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं. "म्हणजे ह्यांनी तुला मारून टाकलं व्हय," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "माझे गुडघे धड असते तर मी बी आलो असतो. जा तू. पण रडू नको तिथं."

"रडायला कोण जायलंय अप्पा?"

रविवारी सकाळी ती हुमनाबादच्या त्या मंगल कार्यालयात पोचली तेव्हा दारात गुलाबाची फुलं वाटत होते. आत टेबलांवर पांढऱ्या चादरी घालून जुने मॉनिटर, फ्लॉपी, पोटात गोळी असलेले माऊस मांडले होते. पिकल्या केसांची माणसं त्यांच्याबरोबर फोटो काढून घेत होती. मग कुणीतरी स्पीकरवर मोडेमचा आवाज लावला. किर्रर, टूँ, खरखर. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या, एकानं शिट्टी मारली. पंचशीलाच्या अंगावर काटा आला. तिला तो नको होता. ह्यांच्या स्पीकरवरच्या आवाजानं आपल्या अंगावर काटा यावा, याचा तिला आणखी संताप आला.

"या अक्का, या!" गुरुबसव हात जोडून पुढं आला. पोट सुटलेलं, खांद्यावर उपरणं, कपाळावर विभूती. "कुठल्या तुमी? कट्ट्यावर काय नाव होतं?"

"सांगते नंतर," ती म्हणाली आणि स्टेजच्या बाजूला गेली. तिथं टेबलावर फोटो होता. पन्नाशीचा गृहस्थ, भरघोस मिशा, सोनेरी काड्यांचा चष्मा, शांत हसरा चेहरा. गळ्यात चंदनाचा हार. पुढं उदबत्ती. लोक रांगेनं येऊन फूल वाहत होते. एक म्हातारा तर खाली वाकला.

गुरुबसव तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "सरांचा फोटो मिळाला न्हाई कुटंच. आमच्या पोरांनी कॉम्प्युटरवर तयार करून घेतला. पण हुबेहूब आलाय बरं."

"तुमी पाह्यलं होतं त्यांला?"

"व्हय की! आमच्या घरी आल्ते. लई साधा माणूस. चहा पिऊन गेले. नंतर थोड्याच दिवसांत ह्याच रोडला ॲक्सिडेंट झाला."

"चहा?" पंचशीला म्हणाली. "पाण्याचे पेले उंबऱ्यातनं परत नेले होते, गुरुबसव."

तो हसायला गेला आणि मधेच थांबला. त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. हातातलं फूल त्यानं उगाच या हातातून त्या हातात घेतलं. मग तिच्या कोपराला हात न लावता, नुसतं खुणेनं तिला बाजूला, स्वयंपाकाच्या दाराशी नेलं. आत पुऱ्या तळत होत्या.

"अक्का, हळू बोला. हात जोडतो. लोक रोज विचारायलते, सर कुठं गेले, सर कुठं गेले. मी काय सांगणार होतो? काका घरात होते. माझं वय तरी काय होतं? खरं सांगितलं असतं तर कट्टा फुटला असता. मी कट्टा वाचवला."

"मला मारून."

"असं कामून म्हणता? मान दिला की. बघा बाहेर, लोक पाया पडायलेत. दरवर्षी पुरस्कार देणार हाय तुमच्या नावानं."

"माझ्या नावानं?" तिचा आवाज चढला. पुऱ्या तळणाऱ्या बाईनं वळून बघितलं. "माझं नाव काय हाय, सांग."

गुरुबसवनं तोंड उघडलं. त्या दिवशी पडवीत अप्पांनी तिचं नाव सांगितलं होतं, त्यानं ते मोठ्यानं म्हणूनही बघितलं होतं. आता त्याचे डोळे इकडं तिकडं फिरले. त्याला आठवत नव्हतं.

"जेवून जा," तो शेवटी म्हणाला. "नंतर आपण दोघं बसून बोलू. तुमचा बी सत्कार करू. महिला म्हणून वेगळा."

पंचशीला त्याला ओलांडून हॉलमध्ये परत आली. तिनं पर्सचा बंद गच्च धरला. आपण निघून जावं, असं एक क्षण तिला वाटलं. तेवढ्यात माइकवर नाव पुकारलं, डॉक्टर मल्लेश्वरी.

स्टेजवर एक उंच, करड्या केसांची बाई आली. ती जनावरांची डॉक्टर होती, कलबुर्गीला, म्हणजे जुन्या गुलबर्ग्यालाच. कानडी वळणाच्या मराठीत ती बोलायला लागली. घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं होतं, शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती. तिनं सरांना लिहिलं होतं.

"सरांनी मला उत्तर दिलं," मल्लेश्वरी म्हणाली. "ते म्हणाले, बेटा, रडू नको. आभाळाकडं बघ. तुझ्या पंखांवर विश्वास ठेव. त्या शब्दांमुळं मी आज इथं उभी आहे."

हॉलमध्ये लोकांनी डोळे पुसले.

"असं लिहिलं न्हवतं," पंचशीला मोठ्यानं म्हणाली.

माना वळल्या. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, "अहो बाई, श्रद्धांजली चालू हाय."

"जिची चालू हाय तीच बोलायली," ती म्हणाली आणि खुर्च्यांमधून पुढं गेली. "बेटा कुणी लिहिलं न्हवतं, पंख कुणी लिहिले न्हवते. मी तुला लिहिलं, मल्ली, आधी परीक्षेचा फॉर्म भर, मग रड. लग्नाची तारीख पुढं सरकती, फॉर्मची सरकत न्हाई. आणि बापाशी भांडू नको, आजीला हाताशी धर, तुमच्या घरात आजीचं चालतं. खरं का खोटं?"

मल्लेश्वरीनं माइक खाली घेतला. आजीचं तिनं कट्ट्यावर लिहिलं नव्हतं. ते फक्त सरांना लिहिलं होतं.

"आजीचं..." ती म्हणाली. "तुमी... सर?"

"सर न्हाई. पंचशीला. निर्ण्याच्या ग्यानबा मास्तरांची पोरगी. कट्टा मी उघडला. हा म्हणतो मी मेले. मी मेले न्हवते, ह्याच्या पडवीत बसले होते."

गुरुबसवनं हात हलवला आणि माइक बंद झाला. पंचशीलाला माइक लागत नव्हता. मागच्या बाकावर कुजबुजणाऱ्या पोरांपर्यंत पोचणारा आवाज तिनं इतकी वर्षं वर्गात वापरला होता. तिनं सगळं सांगितलं. गाव विचारलं, गल्ली विचारली, पाणी परत नेलं, पंखा फिरत असताना करंट गेला म्हणून सांगितलं, पासवर्ड बदलला. "आणि निमंत्रणात लिहिताय, ना जात, ना आडनाव, असे ते दिवस. कुणाचे दिवस? तुमचे! माझा नियम होता तो. मी लिहिला, आणि मलाच त्यानं वाचवलं न्हाई."

एक जण मागून म्हणाला, "पण सर तर पुरुष होते की." दुसरा म्हणाला, "इतक्या जुन्या गोष्टी आता कामून काढायच्या? चांगला दिवस हाय." तिसऱ्यानं घड्याळ बघितलं.

मल्लेश्वरी स्टेजवरून उतरून गुरुबसवसमोर उभी राहिली. "मला दोन मेल आल्ते. तू मला काय सांगितलंस? कुणीतरी सरांचं नाव घेऊन खोटं लिहायलंय, उघडू नको, व्हायरस येईल. सांगितलंस का न्हाई?"

"मल्लक्का, ते सगळं जुनं..."

"सांगितलंस का न्हाई?"

"सांगितलं," तो पुटपुटला.

"मी न वाचता पुसले ते." तिचा चेहरा लाल झाला होता. "मी आठवडाभर एक वेळ जेवले, माहिती हाय तुला? एका माणसासाठी, जो मेलाच न्हवता. आणि तू रोज मला विचारायचास, बरं वाटतंय का म्हणून!"

आता लोकांची चुळबुळ सुरू झाली. दोघं-तिघं गुरुबसवकडं रागानं बघत होते, बाकीचे आपल्या पायाकडं. त्यानं एकदम घाईघाईनं टेबलावरचा तो फोटो उचलला, हार काढायला लागला.

"राहू दे," पंचशीला म्हणाली. "तो तुझा माणूस हाय. तू जन्माला घातलास, तूच मारलास. त्याचा संस्थापक तू हायस की. तूच सांभाळ."

ती बाहेर पडली. मागं ताटांचा आवाज सुरू झाला होता. पंगत बसत होती.

मल्लेश्वरी धापा टाकत रस्त्यावर आली. दोघी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसल्या. चहा आला. मल्लेश्वरीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "सर, मी..." मग जीभ चावली.

"नाव हाय मला," पंचशीला म्हणाली.

"व्हय. पंचशीलाक्का. मला माफ..."

"माफ-बिफ नको. मला एवढंच सांग, तू तो मेल उघडला असतास, आणि त्यात माझं नाव, माझी गल्ली वाचली असतीस, तर उत्तर दिलं असतंस?"

मल्लेश्वरीनं कप बाजूला सरकवला. बाहेर बसचे कंडक्टर बिदर, बसवकल्याण ओरडत होते.

"तवा?" ती म्हणाली. "तवा न्हाई सांगता येत."

ते उत्तर ऐकून पंचशीलाला राग यायला हवा होता. आला नाही, असं नाही. पण त्या दिवसभरात कुणीतरी तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोललं नव्हतं. तिनं आपला नंबर दिला. मल्लेश्वरीनं तो लिहून घेताना 'पंचशीला' हे नाव दोनदा मोठ्यानं म्हटलं. गाडीनं सोडते म्हणाली, पण पंचशीला बसनंच गेली. तिला कुणाशी बोलायचं नव्हतं.

घरी अप्पांनी दार उघडलं, तिच्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता भाकरी वाढली. जेवताना तिनं सगळं सांगितलं. फोटोतल्या मिशांचं सांगितलं तेव्हा अप्पा हसले, हसता हसता त्यांना ठसका लागला. आणि गुरुबसवला तिचं नावच आठवलं नाही हे सांगितलं तेव्हा त्यांचं हसू बंद झालं. ते उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळापाशीच उभे राहिले.

त्या आठवड्यात मोबाइल सारखा वाजत होता. मल्लेश्वरीनं मेळाव्याच्या ग्रुपवर सगळं लिहून टाकलं होतं आणि ग्रुप सोडला होता. शारजातला गवंडी आता उदगीरला घर बांधून राहत होता. त्यानं लिहिलं, 'ताई, माझ्या पोरीचा अर्ज तुमी भरून दिल्ता, ती नर्स झाली.' पंचशीलानं ते तीनदा वाचलं. पुरस्कार रद्द झाला नव्हता, नुसतं त्याचं नाव बदललं होतं. गुरुबसवनं दोन ओळी टाकल्या होत्या : 'काही गैरसमजातून अप्रिय प्रसंग घडला. सर्वांनी मोठ्या मनानं विसरावं.' त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती.

गुरुवारी तपासायचे पेपर घेऊन ती बसली होती, तेव्हा अनोळखी नंबरावरून एक मेसेज आला. 'मॅडम, तुमचं दुःख समजतं. पण एवढ्या वर्षांनी सगळे भेटलो होतो. जुन्या आठवणींचा किती सुंदर दिवस होता. तुम्ही त्याची वाट लावली. शांतपणे नंतर सांगता आलं असतं.'

तिनं पेन खाली ठेवलं. आधी तिनं मोठं उत्तर लिहिलं, ते पुसलं. मग लिहिलं, 'खरंय. मी मेलेली राहिले असते तर तुमचा दिवस सुंदर गेला असता. मी जिवंत आहे. पंचशीला.'

पाठवलं, आणि पुढचा पेपर ओढला.